राज्य ही अमानत

(अठराव्या शतकात माळव्यावर राज्य करणाऱ्या अहिल्याबाई होळकर यांचा जन्म महाराष्ट्रातील एका खेड्यात झाला. त्यांच्या वाट्याला मोठी सत्ता आली आणि दुःखेही आली. सत्तेचा त्यांना गर्व झाला नाही आणि दुःखांपुढे त्या खचल्या नाहीत. त्यांच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

ग्रीस देशात सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटो नावाचा थोर विचारवंत होऊन गेला. उर्दूत आपण त्याला अफलातून म्हणतो. मराठीत 'अफलातून' हा शब्द 'विलक्षण' या अर्थाने वापरतात. तोही याच नावावरून आला आहे. एक तर तत्त्वज्ञांनी राज्य करावे किंवा राजांनी तत्त्वज्ञ व्हावे, त्याशिवाय प्रजेची दुःखे संपणार नाहीत, असे प्लेटोचे मत होते.

पण सिंहासन आणि तत्त्वज्ञान यांची गाठ क्वचितच पडते. अशी गाठ पडल्याचे उदाहरण म्हणून रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस याचे नाव घेतात. त्याने इ. स. १६१ ते १८० या काळात राज्य केले. त्याच्या काळात साम्राज्यात भयंकर साथ पसरली आणि सीमेवर लढाया चालू राहिल्या. त्याची कितीतरी मुले त्याच्या डोळ्यांदेखत वारली. लढाईच्या छावणीतही तो स्वतःला बजावण्यासाठी काही विचार लिहून ठेवी. आपले मन ताब्यात ठेवावे, स्तुतीला भुलू नये आणि वाट्याला आलेले काम चोख करावे, हा त्या विचारांचा सारांश आहे.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीतही अशी एक राज्यकर्ती जन्मली. तिने ग्रंथ लिहिला नाही. पण तिचा रोजचा दिनक्रम आणि तिने दिलेले निकाल पाहिले, की तिचे तत्त्वज्ञान आपोआप कळते. ती राज्यकर्ती म्हणजे अहिल्याबाई होळकर.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आज अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. त्यांचे वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. त्या काळी मुलींना शिकवण्याची पद्धत नव्हती. तरीही माणकोजींनी आपल्या मुलीला लिहावाचायला शिकवले. पुढे याच शिक्षणाच्या बळावर तिने एका मोठ्या राज्याचा कारभार पाहिला.

मल्हारराव होळकर हे पेशव्यांचे पराक्रमी सरदार होते. एका मोहिमेवरून येताना त्यांचा मुक्काम चौंडीला पडला आणि तेथील देवळात त्यांनी लहानग्या अहिल्येला पाहिले, असे सांगतात. तिचा शांत स्वभाव आणि चेहऱ्यावरचे तेज त्यांना आवडले. १७३३ साली त्यांनी आपला एकुलता एक मुलगा खंडेराव याच्याशी तिचे लग्न लावून दिले. खेड्यातील पाटलाची मुलगी होळकरांची सून झाली.

सासरी अहिल्याबाईंना सासऱ्यांच्या रूपाने एक चांगला गुरू लाभला. जमाखर्च कसा लिहावा, वसुली कशी पाहावी, तक्रार कशी ऐकावी, हे सारे मल्हाररावांनी सुनेला शिकवले. ते स्वतः बहुतेक काळ मोहिमांवर असत. त्यांच्या मागे घरचा व दौलतीचा कारभार अहिल्याबाई सांभाळू लागल्या. तोफा आणि दारूगोळा पाठवण्याची कामेही मल्हारराव त्यांच्यावर सोपवत. खंडेराव आणि अहिल्याबाईंना मालेराव हा मुलगा आणि मुक्ताबाई ही मुलगी अशी दोन अपत्ये झाली.

१७५४ साली राजस्थानात भरतपूरजवळ कुंभेरीच्या किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला होता. त्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाईंचे वय तेव्हा एकोणतीस वर्षांचेही नव्हते. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. तेव्हा मल्हारराव पुढे आले. मुलगा गेला, आता सूनच आपला मुलगा आहे, तीही गेली तर या म्हाताऱ्याने आणि या प्रजेने कोणाकडे पाहावे, असे त्यांनी रडत विनवले. अहिल्याबाईंनी चितेकडे जाणारे पाऊल मागे घेतले. लोकांच्या निंदेची त्यांनी पर्वा केली नाही. मरण्यापेक्षा जगून उपयोगी पडणे अधिक कठीण असते. त्यांनी कठीण तेच निवडले.

१७६६ साली मल्हारराव वारले. मालेराव गादीवर बसला, पण त्याची प्रकृती बिघडली आणि वर्षाच्या आत तोही गेला. पती, सासरे आणि मुलगा असे तिघे गेले. आता होळकरांची दौलत कोण सांभाळणार, असा प्रश्न उभा राहिला. काही कारभाऱ्यांना वाटले, की बाईमाणसाला राज्य काय जमणार! एखादे लहान मूल दत्तक घ्यावे आणि त्याच्या नावाने आपणच कारभार करावा, असा त्यांचा बेत होता. पेशव्यांचे चुलते रघुनाथराव फौज घेऊन माळव्यात आले.

अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी आपली फौज सज्ज केली आणि इतर मराठा सरदारांना मदतीसाठी पत्रे पाठवली. मग त्यांनी रघुनाथरावांना निरोप धाडला, असे सांगतात. लढाईत आपण हरलो तर एका स्त्रीला कोणी हसणार नाही, पण तुम्ही हरलात तर जगाला तोंड दाखवता येणार नाही, असा त्या निरोपाचा आशय होता. रघुनाथरावांनी लढाईचा विचार सोडला. आपण तर दुःखात सांत्वन करायला आलो आहोत, असे सांगून त्यांनी वेळ निभावून नेली. पुण्याचे पेशवे माधवराव यांनी अहिल्याबाईंच्या कारभाराला मान्यता दिली. रक्ताचा एक थेंबही न सांडता त्यांनी आपले राज्य राखले.

अहिल्याबाईंनी तुकोजी होळकर या विश्वासू सरदाराला सेनापती नेमले. लढाया आणि मोहिमा तुकोजींनी पाहाव्या आणि राज्यकारभार स्वतः पाहावा, अशी त्यांनी वाटणी केली. राजधानीसाठी त्यांनी नर्मदेच्या काठचे महेश्वर हे गाव निवडले. तेथील त्यांचा वाडा मोठ्या राजाला शोभेल असा नव्हता. तो साधा होता. त्या पांढरे वस्त्र नेसत आणि फार दागिने घालत नसत.

त्यांचा दिनक्रम ठरलेला असे. सूर्योदयापूर्वी उठून त्या पूजा करीत. मग धर्मग्रंथ ऐकत आणि गोरगरिबांना जेवू घालून स्वतः साधे जेवण घेत. दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात बसत आणि संध्याकाळपर्यंत काम पाहत. रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा कागदपत्रे घेऊन बसत. त्या पडदा पाळत नसत. शेतकरी असो, सावकार असो, की विधवा स्त्री असो, प्रत्येकाची तक्रार त्या स्वतः ऐकत. हा क्रम सुमारे तीस वर्षे चालला.

आता त्यांच्या कारभारातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाहू. होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. एक भाग 'दौलत' म्हणजे राज्याचा खजिना. फौज, नोकर आणि कारभार यांचा खर्च त्यातून होई. दुसरा भाग 'खासगी'. हे उत्पन्न राणीच्या स्वतःच्या मालकीचे होते. अहिल्याबाईंनी या दोन्ही हिशेबांत कधी गल्लत होऊ दिली नाही. त्यांनी देशभर जो दानधर्म केला, तो आपल्या खासगीतून केला. प्रजेने दिलेला पैसा ही प्रजेची ठेव आहे आणि त्या ठेवीचा हिशेब आपल्याला देवापुढे द्यावा लागेल, अशी त्यांची श्रद्धा होती.

यालाच आपण अमानत म्हणतो. खलिफा हजरत उमर बिन अब्दुल अजीज यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. घरगुती बोलणे सुरू होताच त्यांनी सरकारी तेलाचा दिवा विझवला आणि स्वतःचा दिवा लावला, असे सांगतात. खलिफा आणि अहिल्याबाई यांच्यात हजार वर्षांचे अंतर आहे. देश वेगळा, धर्म वेगळा, भाषा वेगळी. पण प्रामाणिक राज्यकर्त्याची रीत सगळीकडे एकच असते.

दुसऱ्याच्या धनाचा त्यांना मोह नव्हता. त्या काळी एखादा श्रीमंत सावकार मूलबाळ नसताना वारला, की त्याच्या संपत्तीवर सरकारची नजर जाई. इंदूरला असाच एक सावकार वारला. काही लोकांच्या सांगण्यावरून तुकोजींनी त्या संपत्तीत वाटा मागितला. सावकाराची विधवा धावत महेश्वरला आली. अहिल्याबाईंनी तिचे म्हणणे ऐकून घेतले. त्यांनी तिला मानाचे वस्त्र दिले आणि सारी संपत्ती तिचीच असल्याचा निकाल दिला. तुकोजींना त्यांनी इंदूरपासून दूर तळ हलवण्याचा हुकूम केला. स्वतःच्या सेनापतीविरुद्ध एका विधवेच्या बाजूने निकाल द्यायला धैर्य लागते.

दुसऱ्या एका प्रसंगी खरगोनच्या दोन विधवांनी आपली सारी संपत्ती आपण होऊन अहिल्याबाईंना देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही. हा पैसा लोकांच्या सोयीसाठी आपल्याच गावात खर्च करावा, असा सल्ला त्यांनी दिला. त्या पैशातून नदीकाठी घाट आणि देऊळ उभे राहिले.

माळव्याच्या डोंगराळ भागातून जाणाऱ्या वाटसरूंना त्या काळी भिल्ल लोक लुटत. अहिल्याबाईंनी आधी समजुतीने आणि नंतर कडकपणे बंदोबस्त केला. पण केवळ शिक्षा करून त्या थांबल्या नाहीत. हे लोक लूट का करतात, याचा त्यांनी विचार केला. त्यांनी भिल्लांना कसायला जमिनी दिल्या. त्यांच्या भागातून जाणाऱ्या मालावर थोडासा कर घेण्याचा हक्कही दिला. या कराला 'भिलकवडी' म्हणत. त्या बदल्यात रस्त्याची राखण भिल्लांनी करायची आणि चोरी झाली तर भरपाई त्यांनीच द्यायची, असे ठरले. कालचे लुटारू आज रस्त्याचे राखणदार झाले.

अहिल्याबाईंना स्तुती आवडत नसे. एकदा एका विद्वान ब्राह्मणाने त्यांची स्तुती करणारा ग्रंथ लिहून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकला. आपण एक साधी, चुका करणारी स्त्री आहोत, आपल्याला इतकी स्तुती शोभत नाही, असे त्या म्हणाल्या. मग तो ग्रंथ त्यांनी नर्मदेत टाकायला लावला. रोमचा तो सम्राट असता, तर त्याला हे नक्कीच आवडले असते.

त्यांनी रस्ते, विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या. उन्हाळ्यात रस्त्यांवर त्या पाणपोया घालत. शेतात नांगर ओढणाऱ्या बैलांनाही पाणी पाजण्यासाठी त्यांची माणसे जात. थंडीत त्या गरिबांना कपडे वाटत. शेतकरी पिकावरची पाखरे हाकलून देतात, मग पाखरांनी खावे काय, असा विचार करून त्यांनी उभ्या पिकाची काही शेते पाखरांसाठी विकत घेतली होती. महेश्वरला त्यांनी विणकरांना आणून वसवले आणि काम दिले. तेथील माहेश्वरी साडी आजही देशभर प्रसिद्ध आहे. महेश्वरच्या हातमागांवर आज अनेक अन्सारी कुटुंबे ही साडी विणतात.

काशी, गया, सोमनाथ अशा दूरदूरच्या ठिकाणी त्यांनी देवळे आणि घाट बांधले. काशीचे विश्वनाथ मंदिर त्यांनी १७८० साली बांधले. आपल्या मराठवाड्यातही त्यांच्या कामाच्या खुणा आहेत. औंढा नागनाथ हे गाव १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते. आता ते हिंगोली जिल्ह्यात आहे. तेथील देवळाचा खालचा भाग जुन्या काळ्या दगडाचा असून त्यावर सुंदर कोरीवकाम आहे. वरचा पांढरा भाग पुढे अहिल्याबाईंनी बांधला, असे सांगतात. त्या काळी आपला हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता. पुण्याचे पेशवे आणि निजाम यांच्यात लढाया होत. तरीही निजाम आणि म्हैसूरचा टिपू सुलतान हे दोघेही अहिल्याबाईंना पेशव्यांइतकाच मान देत. हिंदूंबरोबर मुसलमानही त्यांच्या दीर्घायुष्यासाठी दुआ मागत. इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम याने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. तो अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर माळव्यात आला होता. सर्व थरांतील लोकांकडे त्याने चौकशी केली. होळकरांशी इंग्रजांचे युद्ध झाले होते, तरी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने अहिल्याबाईंचा गौरवच केला.

म्हातारपणी मात्र त्यांची सर्वांत कठीण परीक्षा झाली. मुक्ताबाईचा मुलगा नथ्याबा हा त्यांचा लाडका नातू होता. तो ऐन तारुण्यात वारला. पाठोपाठ १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले. मुक्ताबाई सती जायला निघाली. अहिल्याबाईंनी राणीचा मान बाजूला ठेवला आणि लेकीपुढे जमिनीवर लोळण घेऊन तिला विनवले. पण मुक्ताबाईने ऐकले नाही. मुलगा गेला, पती गेला, आईही आता थकली आहे. मग मागे एकटीने कशासाठी जगावे, असे तिचे म्हणणे होते. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी सुनेला वाचवले होते. पण त्याच सुनेला आपल्या लेकीला वाचवता आले नाही. ज्या राणीचा हुकूम सेनापतीही मोडत नव्हता, तिचे त्या दिवशी रूढीपुढे काही चालले नाही. नर्मदेच्या काठावर लेकीची चिता पेटली तेव्हा त्यांना सावरण्यासाठी दोन माणसांनी धरून ठेवले होते. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही आणि कोणाशी शब्दही बोलल्या नाहीत.

मग त्या पुन्हा कामाला लागल्या. दार लावून रडत बसण्याचा हक्क त्यांना होता. पण दारात लोक तक्रारी घेऊन उभे होते. आपले दुःख आपले आहे, पण न्याय हा लोकांचा हक्क आहे, हे त्या जाणत होत्या. सतीची दुष्ट चाल पुढे १८२९ साली इंग्रज सरकारने बंगाल प्रांतात कायद्याने बंद केली आणि हळूहळू ती सगळीकडे बंद झाली. तो कायदा अडतीस वर्षे आधी झाला असता, तर एका आईचे हृदय असे जळाले नसते.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे अहिल्याबाईंचे निधन झाले. तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या. आज इंदूर आणि सोलापूर येथील विद्यापीठांना त्यांचे नाव आहे. २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे ठेवण्यात आले. लोक त्यांना 'लोकमाता' म्हणतात.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी प्रत्येकाला राज्य मिळणार नाही. पण प्रत्येकाच्या हाती कधी ना कधी दुसऱ्याची ठेव येते. वर्गाच्या प्रमुखाकडे वर्गाची वर्गणी असते. दुकानदाराच्या हातात तराजू असतो. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत आज निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. उद्या तुमच्यापैकी एखादी मुलगी सरपंच होईल आणि साऱ्या गावाचा पैसा तिच्या हाती येईल. त्या वेळी आपले कोणते आणि लोकांचे कोणते, हे ज्याला ओळखता येते, तोच खरा मोठा माणूस. अहिल्याबाईंनी तीस वर्षे ही ओळख विसरू दिली नाही. म्हणून त्यांच्या राज्याच्या सीमा पुसल्या गेल्या, तरी त्यांचे नाव पुसले गेले नाही.

शब्दार्थ

तत्त्वज्ञ – फलसफी. सिंहासन – तख्त. प्रजा – रयत, रिआया. ठेव – अमानत. न्याय – इन्साफ. धर्मशाळा – मुसाफिरखाना. पाणपोई – वाटसरूंना फुकट पाणी देण्याची जागा, सबील. रूढी – जुनी चाल, रिवाज. गल्लत – घोटाळा. डगमगणे – घाबरून मागे सरणे. विनवणे – आर्जव करणे, मिन्नत करणे. राखणदार – पहारा देणारा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अहिल्याबाईंचा जन्म कोठे व केव्हा झाला?
(आ) अहिल्याबाईंनी राजधानीसाठी कोणते गाव निवडले?
(इ) 'भिलकवडी' कशाला म्हणत?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'दौलत' आणि 'खासगी' यांतील फरक सांगा.
(आ) अहिल्याबाईंनी स्तुतीचा ग्रंथ नदीत का टाकायला लावला?
(इ) मुक्ताबाईच्या मृत्यूनंतर अहिल्याबाई पुन्हा कामाला का लागल्या?

३. 'दौलत' हा शब्द उर्दूत कोणत्या अर्थाने वापरतात? या पाठात तो कोणत्या अर्थाने आला आहे? उर्दू व मराठी दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी पाच शब्द पाठातून शोधून लिहा.

४. तुमच्या गावातील किंवा परिसरातील एखादी जुनी विहीर, बारव, मशीद, देऊळ किंवा दर्गा पाहा. ती वास्तू कोणी बांधली, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती घ्या व आठ-दहा ओळी लिहा.